स्वेच्छा कुणाची? : गरोदर कामगार स्त्री, निवृत्तीचा अर्ज आणि बाळंतपणाचा पगार

एक

वऱ्हाडातल्या एका खाजगी कारखान्यात मी हजेरी-कारकून होते. २००३ सालच्या जून महिन्यात तिथे स्वेच्छानिवृत्तीची योजना निघाली. अर्ज इंग्रजीत छापलेले होते. ज्या बायांना लिहिता येत नव्हते, किंवा लिहिता येत असूनही त्या छपाईपुढे ज्यांचा हात थबकत होता, त्यांचे अर्ज मी भरले. त्यांत वाइंडिंग खात्यातली एक बाई होती. तिला पाचवा महिना लागला होता. ती मला म्हणाली, "ताई, तुमी म्हनता तं करतो सही. मले काय समजते?" मी म्हटले, "कर बाई. आज पैसे भेटून रायले, उद्या भेटतीन का नाही कोन जाने." तिने सही केली. तिचे राज्य विम्याचे ओळखपत्र मी जमा करून घेतले, कारण वरून तसा हुकूम होता. नोव्हेंबरात ती घरीच बाळंत झाली आणि पंधराव्या दिवशी निंदणाच्या कामाची चौकशी करू लागली.

त्या बाईला राज्य विम्याकडून बारा आठवड्यांचे पैसे मिळायला हवे होते. नोकरी सुटली तरी तो हक्क सुटत नाही, हे मला ठाऊक नव्हते. कारखान्यातही मला ते कुणी सांगितले नाही. पुढे एका कामगार वकिलांच्या कचेरीत बसून कायद्याची पुस्तके चाळताना ते ध्यानात आले, तोवर मुदत गेली होती. हा लेख मी त्या चुकीपोटी लिहीत आहे. चळवळीतले कार्यकर्ते, शिक्षक आणि शिकलेली पोरेपोरी हेच आज वस्तीत अर्ज भरून देतात. माझ्या हातून झाले ते त्यांच्या हातून होऊ नये, एवढाच हेतू.

दोन

प्रत्येक स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जात एक ठरलेला मजकूर असतो : मी हा अर्ज कोणत्याही दबावाशिवाय, स्वखुशीने करीत आहे आणि यापुढे माझे कोणतेही येणे बाकी नाही. कायद्याच्या दृष्टीने सारे या वाक्यावर उभे असते. मालकाने काढले तर ती कामगार-कपात होते, तिला नोटीस लागते, भरपाई लागते. कामगाराने आपणहून सोडले तर ती कपात ठरत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कपातीच्या व्याख्येतून स्वेच्छानिवृत्ती स्पष्ट शब्दांत वगळली होती. म्हणजे 'स्वेच्छा' हा शब्द कामगाराच्या मनाचे वर्णन करण्यासाठी नसतो, तो मालकाची जबाबदारी हलकी करण्यासाठी असतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात हाच प्रश्न मुळापासून मांडला आहे. बेकार माणसापुढे एका हाताने कशीबशी नोकरी धरली आणि दुसऱ्या हाताने त्याचे मूलभूत हक्क सोडायला सांगितले, तर तो काय निवडील, असे ते विचारतात. भुकेच्या भीतीपुढे हक्क टिकत नाहीत, आणि शासनाने हात काढून घेतला की जे उरते ते कामगाराचे स्वातंत्र्य नसून मालकाची हुकूमशाही असते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख आहे. कारखाना बंद होणार अशी बातमी पसरलेली, पगार दोन महिने थकलेला, आणि पोटात मूल. अशा वेळी केलेल्या सहीला 'स्वेच्छा' म्हणायचे असेल तर वेठीलाही स्वेच्छाच म्हणावे लागेल.

या प्रश्नाचा आपल्या चळवळीशी संबंध जुना आहे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती-लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा मोठा भार शासनाने उचलावा, ही पहिली. आणि मालक स्त्रियांना कामावर ठेवतो ते त्यात त्याचा फायदा असतो म्हणून ठेवतो, तेव्हा काही भार त्यानेही उचलला पाहिजे, ही दुसरी. मुंबई इलाख्यात १९२९ साली हा कायदा झाला. पाठोपाठ १९३० साली मध्य प्रांताचा कायदा आला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमसदस्य असताना बाबासाहेबांनी खाणीतल्या स्त्रियांच्या प्रसूती-लाभाच्या कायद्यात दुरुस्त्या आणल्या.

आणि वऱ्हाडाने विसरू नये अशी एक तारीख : २० जुलै १९४२. त्या दिवशी नागपुरात भरलेल्या अखिल भारतीय दलित महिला परिषदेच्या अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. त्या परिषदेने गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे यांत काम करणाऱ्या स्त्रियांसाठी पगारी रजा, दुखापतीची भरपाई आणि निवृत्तिवेतन यांची मागणी केली. राज्य विम्याचा कायदा १९४८ चा आणि देशभराचा मातृत्व लाभ कायदा १९६१ चा. म्हणजे आपल्या बाया कायद्याच्या पुढे होत्या. आज त्यांच्याच नाती कायद्याच्या मागे पडत असतील, तर त्याचे कारण त्यांच्या अडाणीपणात शोधू नये. कायदा त्यांच्यापर्यंत पोचवण्याचे काम आपण केलेले नाही.

तीन

आता मुद्द्याकडे वळू. गरोदर कामगार स्त्रीपुढे स्वेच्छानिवृत्तीचा कागद आला की कार्यकर्त्याने पहिला प्रश्न विचारावा : तुझ्या पगारातून राज्य विमा कापला जातो का? कारण बाळंतपणाच्या पैशाला दोन दारे आहेत आणि दोन्हींचे नियम वेगळे आहेत.

पहिले दार राज्य विम्याचे. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार त्यात येतात. ही मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून आहे. इथे पैसे मालक देत नाही, विमा महामंडळ देते. हक्क उभा राहतो तो भरलेल्या वर्गणीवर. बाळंतपण ज्या लाभ-कालावधीत येते त्याच्या लगतच्या दोन वर्गणी-कालावधींत मिळून किमान सत्तर दिवसांची वर्गणी असली पाहिजे. वर्गणी-कालावधी सहा-सहा महिन्यांचे : एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढचा जानेवारी ते जूनचा लाभ, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर पुढचा जुलै ते डिसेंबरचा लाभ.

माझ्या कारखान्यातल्या बाईचा हिशेब याच तराजूत घालून पाहा. ऑक्टोबर २००२ ते मार्च २००३ ती रोज कामावर होती. तिची वर्गणी पूर्ण होती. त्या वर्गणीचा लाभ-कालावधी जुलै ते डिसेंबर २००३. बाळंतपण नोव्हेंबरचे. जूनअखेर तिने नोकरी सोडली की मालकाने काढले, याच्याशी विम्याला काही देणेघेणे नव्हते. तिने विम्याच्या दवाखान्यातून गरोदरपणाचा आणि अपेक्षित तारखेचा दाखला घ्यायचा, नंतर बाळंतपणाचा दाखला जोडायचा आणि शाखा कार्यालयात मागणी करायची, इतकेच. पण ओळखपत्र मी जमा करून घेतल्यामुळे 'आपले तिथले खाते मिटले' असे ती समजली. म्हणून पहिला नियम : निवृत्ती घेताना विम्याचे ओळखपत्र किंवा विमा क्रमांक कुणाच्या हाती देऊन मोकळे होऊ नये. तो क्रमांक कारखान्याचा नसतो, बाईचा असतो. तेव्हा हा लाभ बारा आठवड्यांचा होता. २०१७ पासून तो सव्वीस आठवड्यांचा आहे.

दुसरे दार मालकाचे. जिथे राज्य विमा लागू नाही तिथे मातृत्व लाभ मालकाने द्यायचा. १९६१ चा कायदा हेच सांगत होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, पण गाभा तोच राहिला. अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत किमान ऐंशी दिवस काम झालेले हवे. लाभ सव्वीस आठवड्यांचा, त्यांतले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी. दोन किंवा अधिक मुले हयात असतील तर मात्र बाराच आठवडे. मालक मोफत वैद्यकीय सोय देत नसेल तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस वेगळा.

इथे हिशेबाची एक खोच आहे. रोजंदारीवरच्या बाईला मालक आठवड्याचे सहा दिवस मोजून देऊ पाहतो. १९७७ साली बी. शाह विरुद्ध कोइमतूर श्रम न्यायालय या मळेकामगार स्त्रीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आठवडा सात दिवसांचाच धरायचा, रविवार वगळायचे नाहीत. म्हणजे सव्वीस आठवडे म्हणजे १८२ दिवस, १५६ नव्हेत. रोज ५०० रुपये असेल तर हा फरक १३,००० रुपयांचा पडतो.

चार

आता ती जागा, जिथे 'स्वेच्छा' हा शब्द बाईला बुडवतो.

गरोदर बाईला मालकाने कामावरून कमी केले तरी तिचा मातृत्व लाभ जात नाही, असे १९६१ च्या कायद्याच्या कलम १२ ने सांगितले होते. गंभीर गैरवर्तनाचा अपवाद तेवढा होता. संहितेतही हे संरक्षण आहे. असा हुकूम हाती पडल्यापासून साठ दिवसांत अपील करता येते. २०२३ साली डॉ. कविता यादव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेले. दिल्लीतल्या रुग्णालयातल्या या कंत्राटी डॉक्टरचा करार गरोदरपणात संपला. मुदतच संपली, मग लाभ कसला, असे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही. ऐंशी दिवसांची अट पुरी झाली असेल तर लाभ नोकरीच्या मुदतीपलीकडेही चालू राहतो, असा निकाल दिला.

परंतु हे संरक्षण 'काढून टाकणे' या कृतीला आहे. बाईने आपणहून सोडले असे कागदावर असेल, तर मालकाचा वकील उभा राहून म्हणतो : तिला कुणी काढले? तिने राजीनामा दिला. रजेवर जाण्याआधीच ती कामगार उरली नाही, मग अनुपस्थिती कुठली आणि तिचा पगार कुठला? हा युक्तिवाद सरसकट फेटाळला जाईल असे मी कुणाला सांगणार नाही. मिळालेला हक्क सोडून देण्याचा करार कायद्यापुढे टिकत नाही, हे खरे. १९६१ च्या कायद्याच्या कलम २७ ने ते स्पष्ट केले होते आणि संहितेतही तशी तरतूद आहे. पण हक्क उभा राहण्याआधीच नोकरी संपली, असे म्हणायला मालकाला वाट मिळते. ही वाट बंद करायची तर ती सहीच्या आधीच बंद करावी लागते. नंतर भांडत बसणे म्हणजे ओल्या बाळंतिणीला कोर्टाची पायरी चढायला लावणे.

यावर उपाय सोपा आहे. निवृत्तीची तारीख पुढे ढकलून मागावी. अर्ज आज करायचा, पण निवृत्ती मातृत्व रजा संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून अंमलात येईल, असे त्यातच लिहायचे. मालकाला घाई असेल आणि तो हे मान्य करीत नसेल, तर मातृत्व लाभाची रक्कम हिशेबाच्या कागदावर वेगळ्या ओळीत, वेगळ्या नावाने लिहून मागायची. दोन्ही नाकारले तर ते नाकारणेच लेखी मागायचे. मालक ते लेखी देणार नाही. तेव्हा बाईनेच आपल्या अर्जावर 'मातृत्व लाभाचा हक्क राखून' असे शब्द लिहून पोच घ्यावी.

सही करून झाली असेल तरी लगेच हताश होऊ नये. बँक ऑफ इंडिया विरुद्ध ओ. पी. स्वर्णकार या २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बँकांच्या स्वेच्छानिवृत्तीबाबत म्हटले की कर्मचाऱ्याचा अर्ज हा केवळ देकार असतो. तो स्वीकारला जाण्यापूर्वी मागे घेता येतो. पण ज्यांनी योजनेचे पैसे उचलले त्यांना मागे फिरता आले नाही. म्हणून चेक वटवण्यापूर्वीचे चार दिवस फार मोलाचे असतात.

पाच

आता कर. मालकाचा माणूस बाईला सांगतो, "सारे एकाच रकमेत घे, स्वेच्छानिवृत्तीच्या पैशावर कर नाही. वेगळे लिहिले तर सरकार कापून घेईल." यात अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे खोटे आहे आणि तिचे नुकसान तिथे होते.

खरे ते असे. आयकर कायद्याच्या कलम १० (१०सी) प्रमाणे स्वेच्छानिवृत्तीच्या भरपाईवर ५ लाख रुपयांपर्यंत कर नाही. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाला १९६१ चा आयकर कायदा लागतो आणि त्यापुढच्या उत्पन्नाला २०२५ चा. ही सवलत नव्या कायद्यातही ठेवलेली आहे. पण तिला अटी आहेत. योजना नियम २बीए मध्ये बसली पाहिजे : कामगाराची दहा वर्षे सेवा झालेली असावी किंवा वयाची चाळीस वर्षे पूर्ण असावीत, रिकामी झालेली जागा पुन्हा भरू नये, त्याच व्यवस्थापनाच्या दुसऱ्या कंपनीत त्या माणसाला घेऊ नये, आणि रक्कम सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे तीन महिन्यांचे वेतन किंवा उरलेल्या नोकरीच्या महिन्यांचे वेतन या मापात राहावी. शिवाय ही सवलत जन्मात एकदाच.

यातली पहिली अट पाहा. ती कोणासाठी लिहिली आहे? ऐन उमेदीची वर्षे कारखान्यात घालवलेल्या प्रौढ पुरुषासाठी. गरोदर कामगार स्त्री बहुधा चाळिशीच्या आतली असते. लग्न, पहिले बाळंतपण, गाव बदलणे यांत तिची सेवा तुटलेली असते. अठ्ठावीस वर्षांच्या आणि सहा वर्षे सेवा झालेल्या बाईला खाजगी कारखान्यात ही सवलत मिळत नाही. (सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीच्या योजनेला वय-सेवेची ही अट लावलेली नाही.) उलट मालकाने तिची रीतसर कपात केली तर कपातीच्या भरपाईला कलम १० (१०बी) खाली करसवलत आहे आणि तिथे वयाची अट नाही. म्हणजे 'स्वेच्छा' म्हटल्याने अशा बाईचे करातही काही भले होत नाही.

बाळंतपणाच्या काळात मालक जे देतो ते वेतनच असते, म्हणून ते करपात्र उत्पन्नात धरले जाते, हेही खरे. पण धरले जाणे आणि कर लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक उदाहरण मांडते. समजा कारखाना राज्य विम्याच्या बाहेरचा आहे. बाईचा रोज ५०० रुपये, महिना सव्वीस दिवसांचे १३,०००. सेवा बारा वर्षे तीन महिने. योजनेत वर्षामागे तीन महिन्यांचे वेतन, म्हणजे ३९,००० गुणिले १२, बरोबर ४,६८,००० रुपये. हे ५ लाखांच्या आत असल्यामुळे करमुक्त. त्या वर्षी सहा महिने काम केल्याचा पगार ७८,०००. मातृत्व लाभ १८२ गुणिले ५००, म्हणजे ९१,०००. करपात्र उत्पन्न झाले ७८,००० अधिक ९१,०००, एकूण १,६९,००० रुपये. जुन्या करपद्धतीत अडीच लाखांपर्यंत कर नाही. नव्या पद्धतीत २०२५-२६ या वर्षापासून पहिल्या चार लाखांवर कर नाही, आणि पगारासारख्या उत्पन्नाला बारा लाखांपर्यंत सूट मिळून कर शून्यावर येतो. तेव्हा तिचा कर शून्य. ज्या कराची भीती घातली तो कर अस्तित्वातच नाही.

आता मालकाचा सल्ला मानून ९१,००० स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेत मिसळा. एकूण ५,५९,००० होतात. वरचे ५९,००० सवलतीच्या बाहेर पडले, आणि वर्षामागे तीन महिन्यांचे मापही ओलांडले. शिवाय मातृत्व लाभ दिल्याचा पुरावा कुठेच उरला नाही. उद्या मालक म्हणेल की ही सारी रक्कम निवृत्तीचीच होती. बहुतेक वेळा होते ते याहून वाईट : 'मिसळून देतो' म्हणतात आणि देतात ४,६८,०००च.

ग्रॅच्युइटी, फंड आणि शिल्लक रजेचा पगार हे योजनेच्या पैशाहून वेगळे हक्क आहेत, तेही स्वतंत्र ओळीत लिहून घ्यावेत. ग्रॅच्युइटीचा हिशेब वर्षामागे पंधरा दिवसांचा : १३,००० भागिले २६, गुणिले १५, म्हणजे ७,५००. बारा वर्षांचे ९०,०००. मातृत्व रजा सलग सेवेतच मोजतात, आणि सहा महिन्यांहून जास्त उरलेला तुकडा पूर्ण वर्ष धरतात. या बाईने रजेनंतरची तारीख घेतली तर सेवा बारा वर्षे नऊ महिने होते, ती तेरा धरली जाते आणि ग्रॅच्युइटी ९७,५०० होते. तारीख पुढे ढकलण्याचे हे आणखी एक कारण.

सहा

वऱ्हाडात हा प्रश्न गिरण्यांपुरता ठेवून चालणार नाही. अकोल्याच्या सावतराम आणि मोहता गिरण्या, अचलपूरची विदर्भ मिल यांचे १९७४ च्या कायद्याने राष्ट्रीयीकरण झाले. पुढे नव्या शतकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने अनेक गिरण्या बंद केल्या आणि कामगारांना सुधारित स्वेच्छानिवृत्ती दिली. अचलपूरला नव्याने उभी राहिलेली फिनले मिल २०२० च्या टाळेबंदीत थांबली. गिरणी गेली तरी कापूस आहे, आणि कापूस आहे तोवर जिन आहेत. दिवाळीपासून होळीच्या पुढेपर्यंत अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापूस वाहणे, रेचीवर घालणे, कवडी वेचणे ही कामे बाया करतात. त्यांत आपल्या वस्त्यांतल्या बाया फार.

या बायांना राज्य विमा नाही. कायद्यानेच 'हंगामी कारखाने' वगळले आहेत, आणि त्या व्याख्येत पहिलेच नाव सरकी काढण्याच्या कामाचे, म्हणजे जिनिंगचे आहे. वऱ्हाडाचा मुख्य धंदाच अशा रीतीने विम्याबाहेर ठेवला गेला. मातृत्व लाभाच्या कायद्याने मात्र हंगामी कारखाने वगळलेले नाहीत. १९६१ साली त्यात १६० दिवसांची अट होती आणि चार-पाच महिन्यांच्या हंगामात ती पुरी होणे कठीण होते. १९८८ च्या दुरुस्तीने ती ८० दिवसांवर आली आणि जिनमधल्या बाईपुढे दार उघडले. नोव्हेंबर ते मार्च काम करून ऑगस्टात बाळंत होणाऱ्या बाईचे ऐंशी दिवस सहज भरतात.

मालक म्हणेल, हंगाम संपला, तू आता आमची कामगार नाहीस. इथे कविता यादव निकालाचा धागा धरायचा. हंगाम संपला तेव्हा ती गरोदर होती, तिचे दिवस भरलेले होते आणि तिने आपणहून काही सोडले नव्हते. रोजंदारीवरच्या बायांनाही हा लाभ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्ली महानगरपालिकेच्या मस्टरवरील स्त्री-कामगारांच्या प्रकरणात सांगून ठेवले आहे. दिल्लीच्या डॉक्टरचा निकाल अकोल्याच्या जिनच्या फाटकापर्यंत आणणे, हे काम आपले. त्यात अडचण एकच आणि ती मोठी : हजेरी. मुकादम नावे आपल्या डायरीत लिहितो, मालकाच्या मस्टरवर ती नसतात. ऐंशी दिवस भरले हे सिद्ध करायला बाईजवळ कागद नसतो.

सात

म्हणून कार्यकर्त्यांना काही ठोस कामे सुचवते.

हंगाम सुरू होताना प्रत्येक बाईला एक शंभर पानी वही द्यावी. रोजची तारीख, कारखान्याचे नाव, मुकादमाचे नाव आणि मिळालेला रोज तिने किंवा तिच्या शाळकरी पोरीने त्यात लिहावा. ही वही एकटी पुरावा म्हणून पुरणार नाही, पण दहा बायांच्या दहा वह्या जुळल्या तर मालकाला मस्टर काढून दाखवावे लागेल.

गरोदरपण कळताच अपेक्षित तारखेचा दाखला घेऊन मालकाला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. हे स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जाआधी झाले पाहिजे. कळवले नाही म्हणून हक्क जात नाही, पण कळवले असेल तर 'आम्हाला ठाऊकच नव्हते' हे मालकाला म्हणता येत नाही.

अर्ज त्याच दिवशी भरू नये. तो घरी आणावा आणि मराठीत मोठ्याने वाचून दाखवावा. 'कोणतेही येणे बाकी नाही' ही ओळ आली की थांबावे आणि बाईला विचारावे : बाळंतपणाचे, ग्रॅच्युइटीचे, फंडाचे, रजेचे आले का?

नकार आला तर कामगार खात्याच्या निरीक्षकाकडे लेखी तक्रार करावी. वकिलासाठी पैसे नाहीत म्हणून थांबू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. त्यात स्त्रीच्या आणि अनुसूचित जातीच्या माणसाच्या उत्पन्नाची मर्यादा पाहत नाहीत. आपली बाई तिन्ही नात्यांनी त्यात बसते. अकोला आणि अमरावती या दोन्ही ठिकाणी जिल्हा न्यायालयातच हे प्राधिकरण आहे.

मी अजूनही अर्ज भरते. रविवारी विहारात बसते, बाया कागद घेऊन येतात. २००३ ची ती बाईही एकदा आली होती, आपल्या सुनेला घेऊन. सून एका कारखान्यात कामाला, सातवा महिना, आणि हातात इंग्रजी छापील अर्ज. सासू म्हणाली, "ताई, इचं तरी नीट पाह्यजा." तिचे काय बुडाले होते आणि कुणाच्या हातून, हे मी त्या दिवशी तिला पहिल्यांदा सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग सुनेच्या हातातला अर्ज घेऊन तिने माझ्यापुढे सरकवला. आम्ही निवृत्तीची तारीख खोडली आणि सव्वीस आठवड्यांनंतरची लिहिली.